नजर हटत नाही साहेब, नजर अडकते

आमच्या तालुक्याच्या हद्दीत शिरताना, घाटाच्या अलीकडे एक पिवळा बोर्ड आहे. 'नजर हटी, दुर्घटना घटी'. कडा गंजल्यात, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या तारा लोंबतात. तरी बोर्ड मोठा आहे, लांबून दिसतो. आणि त्यावर लिहिलेलं अर्धंच खरं आहे.

आज या बोर्डाशी भांडायचंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल तर सेव्ह करा, पण न वाचता कमेंटमध्ये येऊन तलवार उपसू नका.

आपल्याकडे अपघात झाला की कागदावर एक ठरलेलं वाक्य येतं. 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात वाहन चालवून...' महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, हेच वाक्य. जणू शिक्का आहे. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी पेपरात 'चालकाचे लक्ष विचलित झाल्याने' होऊन छापलं जातं. वीस वर्षं या धंद्यात आहे. मेलेला माणूस बदलतो, गाव बदलतं, गाडीचा नंबर बदलतो. वाक्य तेच राहतं.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. पहाटेची वेळ, धुकं. दुधाचा टेम्पो संकलन करून परत निघालेला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. डावीकडच्या फाट्यावरून मोटारसायकल आली. टेम्पोने उडवली. चालवणारा वाचला, मागे बसलेली त्याची बायको गेली. शेतावर मजुरीला निघाले होते दोघं.

टेम्पोचा ड्रायव्हर तिशीच्या आतला पोरगा. ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीवर पोलिसाशेजारी बसलेला, हात थरथरत होते. मला म्हणाला, "दादा, मी रस्त्याकडंच बघत होतो ओ. मोबाईल खिशात होता. झोपलो नव्हतो. पण मोटारसायकल दिसलीच नाही मला." शेजारी उभ्या माणसाने शिवी हासडली आणि विचारलं, "बघत होतास तर दिसली कशी नाही?"

प्रश्न बरोबर आहे. फक्त तो रागाने विचारला गेला आणि तिथंच सोडून दिला गेला. याचं उत्तर साठ-पासष्ट वर्षं पुस्तकात पडून आहे. आपल्या पंचनाम्यापर्यंत ते पोचलेलं नाही, एवढंच.

आधी डोळ्याचं साधं गणित. हात लांब करा, अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपली धारदार नजर साधारण त्या नखाएवढ्याच भागात असते. बाकी सगळं डोळ्याला धूसर दिसतं. मग आपल्याला अख्खा रस्ता स्पष्ट दिसल्यासारखा का वाटतो? कारण डोळा एका सेकंदात तीनेक वेळा उडी मारतो. पुढचा ट्रॅक्टर, आरसा, डावा फाटा, काटा, पुन्हा ट्रॅक्टर. आणि कडेला काही हललं की धूसर नजर हाक मारते, 'इकडे बघ'. चांगला ड्रायव्हर म्हणजे ज्याचे डोळे फिरते असतात. जुने उस्ताद क्लिनरला हेच शिकवायचे, एका जागी बघू नको, नजर फिरती ठेव.

आता या डोळ्यावर ताण टाका.

१९५९ मध्ये ईस्टरब्रुक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आधीच्या प्रयोगांची जुळणी करून एक मांडणी केली. माणूस जितका उत्तेजित, तणावाखाली, तितक्या कमी गोष्टींची तो दखल घेतो. आधी कडेच्या गोष्टी सुटतात, मधली राहते. थोडा ताण असेल तर हे फायद्याचंही असतं, फालतू गोष्टी गळतात. पण ताण वाढत गेला की कामाच्या गोष्टीही गळायला लागतात.

१९७१ मधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पाणबुड्यांना सराव देतात तशी दाबाची बंद टाकी. आत माणूस बसवला आणि सांगितलं, तुला आता साठ फूट खोल पाण्याइतक्या दाबाखाली नेतोय. प्रत्यक्षात दाब वाढवलाच नाही. फक्त भीती खरी होती, हृदयाचे ठोके वाढलेले. समोरचं मुख्य काम त्या लोकांनी बाहेरच्या लोकांइतकंच नीट केलं. पण नजरेच्या कडेला लागणारा छोटा दिवा त्यांच्याकडून बराच जास्त चुकला. म्हणजे तो माणूस आळशी नव्हता की बेफिकीर नव्हता. समोरचं काम तो मन लावून करत होता. कड गेली होती.

आता त्या टेम्पोवाल्या पोराला आठवा. पुढे बिनदिव्याची ट्रॉली. धोका समोर, नजर समोर. डावा फाटा म्हणजे कड.

कुणी म्हणेल, ते टाकीतलं झालं, रस्त्यावरचं सांगा. सांगतो. स्पेनमध्ये रेकार्ते आणि नुनेस या दोन संशोधकांनी २००० साली बारा चालकांना खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गाडीत बसवलं. डोळा कुठे जातो ते टिपणारं यंत्र लावलं. गाडी चालवताना मधूनच डोक्याला काम द्यायचं, म्हणजे एखादं अक्षर द्यायचं आणि त्यावरून सुरू होणारे शब्द म्हणायला लावायचे, किंवा मनातल्या मनात काहीतरी चित्र उभं करायला लावायचं. हातात मोबाईल नाही, डोळे रस्त्यावरच. तरी काय झालं? नजरेचा फिरता पट्टा आकसला. डोळे समोरच्या भागात गोळा झाले. आरशाकडे बघणं कमी झालं. आणि हे नीट वाचा, काट्याकडे बघणंही कमी झालं. काटा म्हणजे स्पीडोमीटर.

आता केंद्र सरकारचा रस्ते अपघातांचा २०२२ चा अहवाल घ्या. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. कारणांच्या तक्त्यात पहिला नंबर अतिवेगाचा, सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू त्या एका रकान्यात. पुढे उलट दिशेने गाडी, दारू, मोबाईल, सिग्नल तोडणं आणि मग 'इतर'. चालक किती तास गाडीवर होता, आदल्या रात्री किती झोपला, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. डोक्यावर ओझं असलेला माणूस काट्याकडे बघतच नसेल, तर त्या 'अतिवेग' नावाच्या रकान्यात किती दमलेले, किती धास्तावलेले चालक लपलेत? कुणी मोजलंय? रकाना नसेल तर मोजणार कसं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोक्याला कामाचं ओझं असणं आणि जिवाला घोर असणं या दोन गोष्टी अगदी एक नाहीत. ओझ्याने नजर समोर गोठते. भीती आणखी एक उपद्व्याप करते, ती नजर धोक्याकडे ओढते. फुटबॉलमध्ये पेनल्टी मारणाऱ्यांवर इंग्लंडमध्ये २००९ साली अभ्यास झाला. चिंता वाढवली की खेळाडू गोलरक्षकाकडे लवकर आणि जास्त वेळ बघायला लागले, आणि बॉल मारला तो त्याच्या जवळच. कोपरे मोकळे होते. पण नजर जिथे भीती तिथे, आणि पाय नजरेमागे.

वाहन चालवणाऱ्याची भीती कुठे बसलेली असते? समोरच्या ट्रॉलीत असते, मागून हॉर्न मारणाऱ्या डंपरात असते, डॅशबोर्डवरच्या घड्याळात असते. आणि खिशात वाजणाऱ्या फोनमध्ये असते. उचलला नाही तरी.

त्या पोराचा दिवस मी नंतर विचारून घेतला. पहाटे साडेतीनला उठायचं. गावोगावची कॅन गोळा करून ठरलेल्या वेळेत शीतकरण केंद्रावर. उशीर झाला, दूध आंबलं, तर भाड्यातून कपात. दुपारी मार्केटचं भाडं असेल तर कांदा-टोमॅटो. संध्याकाळी पुन्हा दूध. रात्री घरी जेवायला दहा. गाडीचा हप्ता मालकाचा, पण मालक म्हणणार हप्ता थकला तर गाडी ओढून नेतील, मग तू काय करणार? अपघाताच्या अर्ध्या तासात त्याच्या फोनवर मालकाचे अकरा मिस्ड कॉल होते. स्क्रीन मी डोळ्यांनी बघितली.

गुन्ह्यात नाव कुणाचं? एकट्या ड्रायव्हरचं. मालकाचं नाही. वेळ ठरवणाऱ्याचं नाही. बिनदिव्याच्या दोन ट्रॉल्या रस्त्यावर आणणाऱ्याचं तर नाहीच. तो ट्रॅक्टर अपघातानंतर थांबलासुद्धा नाही, काट्यावर नंबर लावायला गेला.

आता येणार, मला माहितीये. "म्हणजे ड्रायव्हरला सोडून द्यायचं का?" "ज्याचं माणूस गेलं त्याला हे सांगा." "आमचा बाप वीस-वीस तास ट्रक हाकायचा, त्याला नाही कधी ताण आला."

एकेक घेऊ. ज्याची बायको गेली त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलोय. त्याच्या रागावर मला काही बोलायचं नाही, तो राग त्याचा हक्क आहे. ड्रायव्हरला सोडा असंही मी म्हणत नाही. दारू पिऊन चालवणारा, मांडीवर मोबाईलवर रील बघत चालवणारा, त्याला कायद्याने झोडा, माझा एक शब्द आडवा येणार नाही. पण जो बघत होता आणि ज्याला दिसलं नाही, त्याला एकट्याला आत टाकून उद्या त्याच टेम्पोवर, त्याच वेळापत्रकात, त्याच फाट्यावर दुसरा पोरगा बसवला, तर काय बदललं? मालकाने तिसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर लावला. दूध थांबत नाही.

आणि बापाची वीस तासांची गोष्ट. जे परत आले त्यांचीच गोष्ट घरात सांगितली जाते राव. जे घाटात गेले त्यांची पोरं फेसबुकवर कौतुक लिहीत नाहीत.

हे फक्त अडाणी, कमी शिकलेल्या ड्रायव्हरांचं दुखणं आहे असं समजू नका. २०१३ मध्ये अमेरिकेत चोवीस रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांना फुप्फुसांचे स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घुसवलं, गाठीपेक्षा अठ्ठेचाळीस पट मोठं. चोवीसपैकी वीस जणांना गोरिला दिसला नाही. डोळे टिपणाऱ्या यंत्रात दिसलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. तिथे भीती नव्हती, घाई नव्हती, फक्त डोकं एकाच गोष्टीच्या शोधात गुंतलेलं होतं. डॉक्टर आहेत ते. त्यांना कुणी 'बघत होतास तर दिसलं कसं नाही' म्हणून शिवी घातली नाही. प्रबंध छापला.

विमानवाल्यांकडे बघा. २९ डिसेंबर १९७२, मायामी. ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान उतरायला आलं आणि पुढच्या चाकाचा छोटा दिवा लागेना. चाक खाली आलंय की नाही कळेना. कॉकपिटमधल्या सगळ्यांचं डोकं त्या एका बल्बमध्ये. दरम्यान विमान हळूहळू खाली येत राहिलं. उंचीचा काटा समोर होता, इशाऱ्याची घंटीही वाजली. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. विमान दलदलीत कोसळलं, १०१ माणसं गेली. बल्ब जळाला होता, बस्स.

चौकशीत ठपका वैमानिकांवर आलाच. पण तिथल्या लोकांनी फाइल बंद केली नाही. असे आणखी अपघात समोर ठेवून पुढच्या काही वर्षांत कॉकपिटमधल्या कामाची वाटणीच नव्याने शिकवायला सुरुवात केली. एकाने बिघाड बघायचा, दुसऱ्याने फक्त विमान उडवायचं. 'नीट बघा' असा बोर्ड लावून भागणार नाही हे त्यांना कळलं.

आपल्याकडेही वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम आहेत. नव्या नियमात आठवड्याला अठ्ठेचाळीस तास सलग विश्रांती आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुरेसे वैमानिक नाहीत म्हणून देशभर विमानं रद्द झाली. टीव्हीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चांगलंच झालं, चर्चा व्हायलाच हवी होती. मी फक्त विचारतोय, दुधाच्या टेम्पोवाल्याच्या विश्रांतीवर तुम्ही शेवटची चर्चा कधी ऐकली? वडापवाल्याच्या? रात्रीच्या लक्झरीवर एकटाच ड्रायव्हर आहे की दोघं, हे तिकीट काढताना कुणी विचारतं का?

कायदा नव्हता असं नाही. १९६१ मध्येच मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्याला किंवा सणासुदीला थोडी सूट. आता म्हणाल, पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागू नव्हता, आणि आपल्याकडे तर एक गाडी, दोन गाड्यांचेच मालक. बरोबर. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ९१ घातलं, त्यात व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या कुणाचेही तास त्याच १९६१ च्या कायद्याप्रमाणे असतील असं म्हटलं. पुढे १९६१ चा कायदा नव्या कामगार संहितेत गेला. गेल्या इतक्या वर्षांत आमच्या नाक्यावर गाड्या अडवून पीयूसी तपासताना पाहिलंय, सीटबेल्ट तपासताना पाहिलंय, फॅन्सी नंबरप्लेटचा दंड पाहिलाय. 'किती वाजल्यापासून गाडीवर आहेस?' हा प्रश्न विचारताना एकदाही ऐकलेला नाही. त्या प्रश्नाची पावती फाडायची म्हटली तर मालकाच्या नावाने फाडावी लागेल. मालक कोणाचा कार्यकर्ता असतो ते तुम्हाला माहितीये.

हल्ली नवीन टूम आहे, ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा लावायचा. डोळे मिटले की शिट्टी, मान वळली की शिट्टी. झोपेसाठी ठीक आहे, विरोध नाही. पण वर सांगितलं ते आठवा. ताणाखालच्या माणसाचे डोळे उघडे असतात. समोर असतात. जरा जास्तच समोर असतात. डोळे मिटलेत का, मान वळलीय का, एवढंच बघणारा कॅमेरा त्याला शंभरपैकी शंभर मार्क देईल, आदर्श चालक म्हणून. आणि जो शहाणा ड्रायव्हर फाट्यावर मान वळवून डावीकडे बघतो, त्याच्यावर शिट्टी वाजवेल. वर त्या कॅमेऱ्याचा अहवाल मालकाकडे जाणार, म्हणजे आणखी एक भीती. पुन्हा नजर तिकडे.

पैशाच्या ओढाताणीने डोकं कसं आकसतं याचाही पुरावा आपल्याच देशातला आहे, आणि तोही उसातला. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि पैसे मिळाल्यानंतर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. तेच शेतकरी पैसे हातात नसताना चाचणीत मागे पडले. तिथे डोळे मोजले नव्हते, तेव्हा मी ते ओढूनताणून रस्त्यावर आणत नाही. पण ज्याचं डोकं पुढच्या आठवड्याच्या हप्त्यात आहे, त्याच्याकडे फाट्यासाठी किती डोकं शिल्लक राहतं, एवढा विचार करायला हरकत नाही.

मग करायचं काय? माझ्या डोक्यात तीनच गोष्टी आहेत आणि एकीलाही मोठा खर्च नाही. अपघाताच्या पंचनाम्यात दोन ओळी वाढवा, चालक किती तासांपासून गाडीवर होता आणि मागच्या चोवीस तासांत किती झोपला. उत्तर मालकाच्या आणि चालकाच्या, दोघांच्या जबाबातून घ्या. अपघाताआधीच्या तासाभरात चालकाला किती फोन आले, उचललेले आणि न उचललेले, आणि कुणाचे, ते कंपनीकडून मागवा. आज ते मागवतात ते फक्त ड्रायव्हर फोनवर बोलत होता का हे सिद्ध करायला. आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे आणि कडेला दिवे, रिफ्लेक्टर, हे गळीत सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या गेटवर तपासा, नसेल तर ऊस उतरवून घेऊ नका. एका दिवसात सुधारतील. ट्रॉलीकडे डोळे फाडून बघायची गरज उरली नाही तर तेच डोळे फाट्याकडे जायला मोकळे होतात.

तो फाटा आजही तसाच आहे. बाभळीने डावी बाजू झाकलीय. बांधकामवाल्यांना फांद्या तोडायला सांगून तीन महिने झाले. ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही, ते म्हणतात झाड आमचं नाही.

सोमवारी परिवहन कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज दिलाय. दोनच प्रश्न. गेल्या तीन वर्षांत कलम ९१ खाली जिल्ह्यात किती वाहनांची तपासणी झाली, आणि किती मालकांवर कारवाई झाली. पोच माझ्याकडे आहे. नियमाप्रमाणे तीस दिवस. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर आपल्यापैकी जे गाडी चालवतात, टेम्पो, ट्रक, लक्झरी, रुग्णवाहिका, वडाप, त्यांनी काल किती तास गाडीवर होता ते कमेंटमध्ये लिहा. नाव लिहायची गरज नाही, मालक वाचत असतील तर मला मेसेज करा. नुसता आकडा टाका.